मिस्त्रींच्या घरचं दार

मिस्त्रींनी आयुष्यात चारशेच्या वर दारं केली. दवाखान्याचं केलं, शाळेचं केलं, एका वकिलाचं तर इतकं भारदस्त केलं की त्याचे अशील बाहेरूनच घाबरून परत जात. राहिलं होतं एकच दार, त्यांच्या स्वतःच्या घराचं. तिथे सव्वीस वर्षं प्लायवूडचा एक तुकडा दाराचं काम बघत होता. तो लाथ घातल्याशिवाय उघडत नसे आणि दोरी बांधल्याशिवाय मिटत नसे.

"पुढच्या महिन्यात करतो," असं मिस्त्री लग्नानंतर आठव्या दिवशी बायकोला म्हणाले होते. तो महिना अजून उजाडायचा होता. बायको गरीब, फार बोलायची नाही. पण तिची थोरली बहीण दर वर्षी मुक्कामाला यायची आणि प्लायवूडला लाथ घालून आत येता येता विचारायची, "काय गं, सुतार मिळाला नाही का अजून?"

सव्वीस वेळा हे ऐकल्यावर यंदा बायकोने महिनाभर आधीच जाहीर केलं, "अहो, ताई रविवारी, एक तारखेला येतेय. तोवर दार लागलं नाही तर मी तिच्याबरोबर जाईन. तिच्याकडे दार आहे."

मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच दिवशी त्यांनी जपून ठेवलेलं सागवान बाहेर काढलं.

"आणि मधे एक छोटी खिडकी ठेवा," बायको म्हणाली. "कोण आलंय ते आतूनच दिसेल."

"खिडकी? अगं, ते दार आहे, तिकीटघर नव्हे!"

मिस्त्रींच्या दारात खिळा नसे की सरस नसे. आडव्या लाकडाच्या टोकाला जीभ काढायची, तिला सुतार कुसू म्हणतात. उभ्या लाकडाला त्याच मापाचं आरपार भोक पाडायचं. कुसू आत ठोकून त्यात पाचरी मारायच्या. पाचर बसली की कुसू भोकात फुगून बसतो. फळ्या मात्र चौकटीच्या खाचेत नुसत्या सरकवायच्या, म्हणजे पावसाळ्यात त्यांना अंग फुगवायला जागा राहते. "माझा सांधा मिटला की मिटला," मिस्त्री सांगत. "मी स्वतः आलो तरी उघडणार नाही."

शनिवारी दुपारी अंगणात सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर दार आडवं ठेवून जोडणी सुरू झाली. फळ्या सहा, तीन ओळींत दोन दोन. प्रेक्षक तिघे: शेजारचा शिंपी, त्याचा मेहुणा आणि एक मांजर. डावीकडच्या तिन्ही फळ्या बसल्या, उजवीकडची वरची बसली, खालची बसली, आणि तेवढ्यात शिंप्याने नको तो प्रश्न विचारला.

"एकही खिळा नाही? मग धरतं कशाने?"

झालं! मिस्त्रींनी पटाशी खाली ठेवली आणि व्याख्यान उचललं. मधेच बायकोने चहाचा ट्रे आणून दारावरच टेकवला. चहा संपला, व्याख्यान संपेना. बोलता बोलताच मिस्त्रींनी शेवटचं उभं लाकूड चढवलं आणि पाचरी ठोकल्या. प्रत्येक घावासरशी ट्रेमधले कप नाचत होते.

"आता हत्ती आणा!" मिस्त्री म्हणाले आणि ऐटीत ट्रे उचलला.

ट्रेखाली फळी नव्हती. तिथे नुसतं भोक होतं आणि भोकातून मांजर वर बघत होतं.

शिंप्याने घसा खाकरला. "हवेसाठी ठेवलंय वाटतं?"

सहावी फळी नवी साडी नेसल्यासारखी, तेल पिऊन चकचकीत, भिंतीला टेकून उभी होती. मिस्त्रींनी प्रेक्षकांना वाटेला लावलं आणि सांधा उघडायला घेतला. ठोकून पाहिलं, ओढून पाहिलं, पाय लावून पाहिलं. सांधा केसभर हलला नाही. आयुष्यात प्रथमच मिस्त्रींना आपल्याच कामाचा राग आला, आणि त्या रागातही थोडा अभिमान होताच. कापून काढायचा म्हणजे नवं लाकूड, आठ दिवसांचं काम. ताई तर उद्या सकाळी दारात.

ते घामाघूम होऊन पायरीवर बसले. बायको शेजारी येऊन टेकली.

"ती फळी राहिलेली मला दिसली होती," ती म्हणाली.

"दिसली होती? मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलत होतात ना. मधे बोललेलं तुम्हाला चालत नाही."

मिस्त्रींनी तिच्याकडे बघितलं. मग ट्रेकडे बघितलं. मग पुन्हा तिच्याकडे. ती शांतपणे कप गोळा करत होती. जाता जाता ती भोकासमोर जरा वाकून म्हणाली, "दार उभं राहिलं की हे बरोबर माझ्या तोंडासमोर येईल, नाही?"

मिस्त्री हसायलाच लागले. हसत हसतच उठले, सहाव्या फळीच्या चारी कडा रंध्याने उतरवल्या, मोकळ्या राहिलेल्या खाचेत सागाच्या पट्ट्या बसवल्या आणि दिवस मावळायच्या आत फळीला दोन चिमुकल्या बिजागऱ्या लावल्या. शिंपी आणि मेहुण्याच्या मदतीने दार उभं राहिलं. प्लायवूड मांजराला मिळालं.

रविवारी सकाळी ताई आली. सवयीने लाथ उचलली आणि ती हवेतच राहिली. समोर सागवानाचं दार होतं, एका बोटाने उघडेल असं तोललेलं. पण आतून कडी होती. तिने दार ठोठावलं. मधली फळी उघडली आणि चौकटीत धाकटीचा चेहरा आला, फोटोत असावा तसा.

"कोण हवंय?"

"अगं, मी! उघड ना!"

"थांबा हं, आत विचारून येते." फळी मिटली.

आत मिस्त्री तोंडात रुमाल कोंबून भिंतीला टेकले होते. बाहेर ताईने दारावरून हात फिरवला, सांध्याशी नख लावून बघितलं. नख शिरलं नाही.

"सुतार मिळाला वाटतं!" ती ओरडली.

फळी पुन्हा उघडली. "घरातच होता, ताई. जरा शोधायला वेळ लागला."