भूत इंग्रजी बोललं तेव्हा

कपाटाचं दार करकरत उघडलं. आतून पांढरंफटक भूत बाहेर आलं. त्याने हळूच मान वळवली, तोंड उघडलं आणि ते इंग्रजीत बोललं.

मी हॉलच्या मागच्या दाराशी वॉकीटॉकी घेऊन उभी होते. थोडं थांबले, कारण हिंदी डबिंगमध्येही एखादं वाक्य इंग्रजी ठेवतात. पण भूत बोलतच राहिलं. मग पडद्यावरची मुलंही इंग्रजीत किंचाळली.

"नितीन, भाषा कोणती लावली?"

"हिंदी, मॅडम." नितीन आमचा प्रोजेक्शन ऑपरेटर. कामाला चोख माणूस.

"जरा हॉलचा आवाज ऐका."

मग वॉकीटॉकीवर एवढंच आलं, "अरे बाप्पा."

मी नागपुरातल्या एका मल्टिप्लेक्सची मॅनेजर आहे. ऑक्टोबर संपताना आमच्या हेड ऑफिसला हॅलोविन आठवतं. मग सकाळच्या शोला लहान मुलांचे भुताचे विनोदी पिक्चर लागतात आणि लॉबीत थर्माकोलचे नारिंगी भोपळे लटकतात. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात होती, शाळा सुरू होत्या. शनिवारचा सकाळचा एक शो मी नरखेड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेला दिला होता. फोन तिथल्या ढोके सरांचा आला होता. त्यांच्या बहुतेक मुलांनी थिएटर आतून पाहिलेलं नव्हतं. पिक्चर मी स्वतः पाहिला होता. मी सरांना सांगितलं, "भूत आहे, पण हसवणारं आहे. हिंदीत आहे. मुलं पोट धरून हसतील."

सकाळी एसटी आली. मुलं रांगेने लॉबीत शिरली आणि माना वर करून भोपळ्यांकडे बघत उभी राहिली.

"सर, एवढे कोहळे काहून बांधले इथं?"

"नजर लागू नये म्हणून असन गा," ढोके सर म्हणाले. "बिल्डिंग मोठी हाय, नजरही मोठीच लागत असन."

सरांच्या शर्टाचं टोक धरून एक मुलगी चालत होती. दुसरीतली, ईश्वरी नाव. सरांनी मला जरा बाजूला घेतलं.

"मॅडम, इच्या बापानं पाठवताना लय विचारलं. पोरगी रात्री भिऊन उठते. तो पाठवतच नव्हता. मी म्हटलं, माह्या भरोशावर पाठवा. अन् मी तुमच्या भरोशावर म्हटलं जी."

"काळजी करू नका," मी म्हणाले. कामाच्या ठिकाणी हे वाक्य मी शक्यतो वापरत नाही. त्या दिवशी वापरलं.

आता चूक कशी झाली, ते सांगते. हल्ली पिक्चर रिळांतून येत नाही. तो फाइल म्हणून आमच्या सर्व्हरवर येतो आणि त्या फाइलला कुलूप असतं. मुंबईहून एक डिजिटल किल्ली येते, तीच ते उघडते. एकाच पिक्चरची हिंदी फाइल वेगळी, इंग्रजी वेगळी. किल्लीही वेगवेगळी. आमच्याकडे दोन्ही फाइली होत्या, पण रविवारच्या शोसाठी मागवलेली इंग्रजीची किल्ली तेवढी आली होती. फाइलींची नावं म्हणजे कोडची लांबलचक ओळ. नितीनने जिच्यापुढे किल्ली लागल्याची हिरवी खूण दिसली ती फाइल लावली आणि नियमाप्रमाणे आदल्या दिवशी सुरुवातीची दोन-तीन मिनिटं चालवून पाहिली. चित्र ठीक, आवाज ठीक. टेस्टिंगच्या यादीतल्या दोन्ही चौकटींत टिक झाली.

पण हा भुताचा पिक्चर. त्याच्या सुरुवातीला कोणी बोलतच नाही. वारा सुटतो, फाटक वाजतं, घुबड ओरडतं. यातलं काहीही हिंदीत आणि इंग्रजीत सारखंच ऐकू येतं.

मी मुंबईला फोन लावला. शनिवार असल्यामुळे तिथे एकच माणूस बसला होता. "किल्ली बनवायला सांगतो मॅडम, मिळेल थोड्या वेळात." थोडा वेळ म्हणजे किती, हे तो सांगेना. मला वाटलं, तोवर चालू दे. चित्र तर दिसतंय, मुलं रमतील.

मी पुढच्या रांगांकडे गेले आणि पाहिलं, तर एकही मूल हसत नव्हतं.

त्या पिक्चरमधलं भूत म्हातारं आहे, चिडकं आहे आणि त्याची कवळी हरवली आहे. ते बोळकं तोंड वासून मुलांच्या अंगावर येतं आणि फार अदबीने विचारतं, "माफ करा, माझे दात कुणी पाहिलेत का?" मी पाहिला तेव्हा इथे सगळं थिएटर हसलं होतं. आता वाक्य कळत नव्हतं, म्हणून उरलं काय? अंधार, मोठा आवाज आणि अंगावर येणारं एक बिनदातांचं तोंड. त्या पिक्चरमध्ये भीती सगळी चित्रात होती आणि गंमत सगळी बोलण्यात. आम्ही गंमत काढून घेतली होती आणि भीती तेवढी ठेवली होती.

दुसऱ्या रांगेत दोन मुलांनी डोळ्यांवर दप्तरं धरली होती. कोणीतरी मुसमुसत होतं. ईश्वरी खुर्चीवर नव्हतीच. ती दोन खुर्च्यांच्या मधल्या जागेत खाली बसली होती आणि तिने दोन्ही कान दाबून धरले होते.

ढोके सर वाकून तिला म्हणत होते, "काहून रडून राहिली वं? पाय, ते खोटं हाय." ती वर बघायलाच तयार नव्हती. सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"नितीन, शो थांबवा. लाइट लावा."

एरिया मॅनेजरला कळवणं भाग होतं.

"बंद करून टाका," ते म्हणाले. "पुढच्या शनिवारी बोलवा त्यांना."

"सर, ती एसटी ठरवून इतक्या लांबून आलीत. आणि आता घाबरून घरी गेली तर पुढच्या शनिवारी कोण पाठवणार?"

"मग काय करणार तुम्ही?"

मला माहीत नव्हतं. समोर लॉबीत वाढदिवसाच्या पार्ट्यांना लावतो तो चाकांचा स्पीकर आणि कॉर्डलेस माइक दिसत होता.

"माइकवर भाषांतर करते."

"याला परमिशन कोणाची?"

"माझी. माझं नाव लिहून ठेवा." मी फोन ठेवला.

मला इंग्रजी कळतं, पण मुलांसमोर भुताचा आवाज काढणं माझ्याच्याने होणार नव्हतं. ढोके सर म्हणाले, "मले एवढं भराभर इंग्रजी समजत नाही जी." मग ठरलं की मी त्यांच्या कानात सांगायचं आणि त्यांनी माइकवर बोलायचं. आवाजाचं बटण आमच्याकडे साधारण पाचवर असतं, ते मी तीनवर आणलं. हॉलचे निम्मे लाइट चालू ठेवले. आणि नितीनला पिक्चर पुन्हा कपाटापाशी न्यायला सांगितलं.

पडद्यावरच्या मुलांनी कपाट उघडलं, दार करकरलं. भूत बाहेर आलं. ईश्वरी पुन्हा खाली सरकली.

मी सरांच्या कानात म्हणाले, "दार न वाजवता कपाट उघडता, ही काय पद्धत झाली?"

सरांनी माइक तोंडाशी धरला. "काहून बे? दार वाजवून येता येत नाही का? अंदर माणूस झोपला हाय!"

मग मागून एक पोरगा ओरडला, "माणूस नाही, भूत हाय!"

"मंग? भुताले झोप नाही लागत का?"

पहिलं हसू तिथे फुटलं. चार-पाच जणांचंच होतं, पण मी भिंतीला टेकले.

पुढे सर माझ्यासाठी थांबेचनात. मी एक वाक्य सांगे, ते तीन बोलत. भुताची कवळी हरवली तर म्हणाले, "कालच्या पंगतीत कोणी पळवली गा माही कवळी? आता संत्रं खाऊ कसं?"

मी कुजबुजले, "सर, संत्र्याचं ते काही म्हणालं नाही."

"तुमी पुढचं सांगा मॅडम."

मुलं भुताला उत्तरं देऊ लागली. कवळी पलंगाखाली दिसली तेव्हा सगळी पहिली-दुसरी उभी राहून ओरडली, "पलंगाखाली पाय! पलंगाखाली!" ईश्वरी आता खुर्चीवर होती. पाय मात्र वर घेतलेले. हसत नव्हती, पण कानांवरचे हात निघाले होते.

इंटरव्हलला वॉकीटॉकीवर नितीनचा आवाज आला. "मॅडम, हिंदीची किल्ली आली! हिरवं दाखवून राहिलं!"

इतकं सुटल्यासारखं मला वर्षभरात वाटलं नसेल. सरांचे आभार मानले, माइक ठेवायला सांगितलं, लाइट बंद केले, आवाज नेहमीवर आणला. आता सगळं नियमाप्रमाणे होतं.

हिंदी भूत बोलायला लागलं. आवाज भारदस्त, घुमणारा, एकदम व्यावसायिक. मुलं ऐकत होती. थोड्या वेळाने पुढून आवाज आला, "सर, हे दुसरं भूत हाय."

"तेच हाय बेटा."

"नाही. आपलं कोठी गेलं?"

त्यांना हिंदी कळत होतं. पण त्यांच्या ओळखीचं भूत गेलं होतं आणि त्याचा चेहरा घेऊन कोणी परकाच आला होता. मी स्वतःला समजावलं, दोन मिनिटांत सवय होईल. तेवढ्यात भूत विहिरीतून वर आलं आणि ईश्वरीचे हात पुन्हा कानांवर गेले.

हिंदीवर सरांना बोलता येणार नव्हतं. दोन भुतं एकदम बोलली असती. इंग्रजी कोणाला कळतच नव्हतं, म्हणून ते आड येत नव्हतं. मी वॉकीटॉकी उचलला. "नितीन, इंग्रजी परत लावा. याच जागेपासून."

"आत्ता तर किल्ली आली ना जी, मॅडम!"

"लावा."

त्याने पिक्चर थांबवला आणि पडदा काळा झाला. मी लाइट लावायला सांगितलेच नव्हते, त्यामुळे हॉलमध्ये मिट्ट अंधार. कोणीतरी जोरात श्वास घेतल्याचं ऐकू आलं. मी भिंत चाचपत लाइटच्या बटणाकडे निघाले. एक मूल जरी किंचाळलं असतं, तरी मागोमाग सगळी किंचाळली असती.

अंधारातून ढोके सरांच्या भुताचा आवाज आला. अगदी बारीक.

"अबे, अंधार काहून केला? मले भेव लागते ना."

मग तो आवाज आणखी बारीक झाला.

"कोणी हाय का गा इथं?"

आणि पुढच्या रांगेतून एक आवाज आला. "भिऊ नको न. मी आहो."

"तू कोण वं?"

"ईश्वरी."

भूत म्हणालं, "मंग ठीक हाय."

पडद्यावर विहीर परत दिसू लागली. माझा हात बटणावर होता. तो मी काढून घेतला.

पुढचा पिक्चर काय झाला, ते मला नीट आठवत नाही, कारण सरांनी शेवट बराच बदलला. त्यांच्या आवृत्तीत भूत नरखेडच्या बाजाराला जातं.

हेड ऑफिसने विचारलं की तातडीने मागवलेली हिंदी किल्ली जेमतेम पाच मिनिटं का वापरली. मी लिहिलं, "प्रेक्षकांच्या मागणीवरून बंद केली." त्यावर पुढे काही आलं नाही.

सोमवारी शाळा सुटायच्या सुमारास मीच ढोके सरांना फोन केला. विचारायची भीती वाटत होती, पण विचारलं.

"ईश्वरी रात्री उठली का?"

"नाही जी. पण तिचा बाप आला होता शाळेत."

"का?"

"म्हणे पोरगी घरचं कपाट टकटक केल्याबिगर उघडून नाही राहिली. कोणाले उघडूही देत नाही. म्हणते, अंदर कोणी झोपलं असन तं?" सर हसत होते. "तो विचारत होता, पुढच्या वर्षी कवा नेता?"

फोन ठेवल्यावर मी टेस्टिंगची यादी काढली. 'चित्र' आणि 'आवाज' यांच्या खाली तिसरी चौकट आखली आणि नितीनची सही घेतली. त्या चौकटीपुढे लिहिलं आहे: पिक्चरमध्ये कोणीतरी बोलेपर्यंत टेस्ट थांबवू नये. घुबड धरू नये.