परदेशी म्हणून अक्कलकोटला

चौकात माझा फ्लेक्स लागला, तेव्हा व्हिसाचा अर्जसुद्धा भरून झाला नव्हता.

वरच्या ओळीत नेत्यांचे गोल फोटो, खाली पुढच्या निवडणुकीला उभा राहू पाहणारा आमच्या वॉर्डातला एक कार्यकर्ता हात जोडून, आणि त्याच्या कोपराशी मी. माझा पासपोर्ट आकाराचा फोटो ताणून मोठा केल्यामुळे गाल पसरट झाले होते. मागे उडणारं विमान. ‘सोलापूरची कन्या सातासमुद्रापार! हार्दिक अभिनंदन!’

फोटो त्याला माझ्या वडिलांनी दिला होता. आम्ही त्यांना नान्ना म्हणतो. आमच्या घरात तेलुगू बोलतात, उंबऱ्याबाहेर मराठी. नान्नांनी उभं आयुष्य यंत्रमागावर टॉवेल विणले. मालकानं माग भंगारात काढले आणि कारखान्याच्या जागेवर मंगल कार्यालय बांधायला घेतलं, तेव्हापासून ते घरीच होते. अम्मा विड्या वळायची. मी एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात तासिकेवर शिकवत होते. म्हणजे जितके तास घ्यायचे तितकाच पगार, आणि सुट्टीत काहीच नाही.

त्या वर्षी मी एक सॉफ्टवेअर तयार केलं होतं. मागावरून उतरणाऱ्या टॉवेलवर साधा मोबाईल कॅमेरा धरला की तुटलेला धागा, डाग, विणीतली चूक ते पकडायचं. त्यावर लिहिलेला माझा शोधनिबंध युरोपातल्या एका तंत्रज्ञान परिषदेनं स्वीकारला. येण्याजाण्याचा, राहण्याचा खर्च त्यांचाच. मेल वाचून मी घरात सांगितलं, तेव्हा अम्मानं मांडीवरचं विड्यांचं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, “आधी काम होऊ दे. मग गावाला सांगा.” पण नान्ना तोवर चप्पल घालून बाहेर पडले होते.

काम गेल्यापासून नान्ना चहाच्या टपरीवर सगळ्यात शेवटी, कडेच्या दगडावर बसायचे. कुणी काही विचारलं तरच बोलायचे. फ्लेक्स लागल्यावर त्यांना बाकावर जागा मिळू लागली. मी कॉलेजातून येताना बघायचे, ते हातवारे करून काहीतरी सांगत असायचे आणि चार माणसं ऐकत असायची. म्हणून मी त्यांना फ्लेक्स काढायला लावा असं म्हटलं नाही.

घरात तयारी सुरू झाली. पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या पोलिसाला शेजारच्या काकूंनी सरबत दिलं आणि माझ्याबद्दल इतकं चांगलं सांगितलं की तो हसायला लागला. नान्नांनी चाकाची मोठी बॅग आणली. नवी पेठ पालथी घालून जाड स्वेटर आणला. सोलापुरात तेव्हा रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं आणि आमच्या खोलीत मी तो स्वेटर घालून उभी, आणि नान्ना मागून खांदे ओढून बघत होते. परिषदेतल्या साहेबांना द्यायला एक चादर हवीच, असा त्यांचा हट्ट. “सोलापूरचं माणूस मोकळ्या हातानं जातं होय?” अम्मानं शेवटी कडक भाकरी करून ठेवल्या, शेंगाची चटणी कुटली. तिलाही आता राहवत नव्हतं.

व्हिसासाठी मी मुंबईला गेले. नान्ना सोबत आले, पण त्यांना आत सोडलं नाही. ते समोरच्या फुटपाथवर माझी पाण्याची बाटली धरून उभे राहिले. खिडकीमागची बाई सभ्य होती. तिनं विचारलं, नोकरी कायम आहे का? नाही. स्वतःच्या नावावर घर, जमीन? नाही. लग्न? नाही. आधी कुठल्या देशात गेला होतात? नाही. प्रत्येक नाहीनंतर ती मान हलवायची आणि काहीतरी टाइप करायची. मी तिला परिषदेचं पत्र दाखवलं, माझा निबंध दाखवला. तिनं ते कागद नीट लावून परत माझ्याकडे सरकवले.

बाहेर आल्यावर नान्नांनी विचारलं, “काय म्हणाले?”

“कळवतील म्हणाली.”

“म्हणजे झालंच की.”

पासपोर्ट कुरिअरनं आला, तेव्हा मी कॉलेजात होते. नान्नांनी पाकीट फोडलं नव्हतं. देवापुढे ठेवून कुंकू लावलं होतं. मी उघडलं. आत एक छापील कागद होता, त्यावर एका चौकोनात खूण. तुम्ही मुदतीत मायदेशी परत जाल याची आम्हाला खात्री वाटत नाही, असा त्याचा अर्थ होता. मी तो वाचला, मग तेलुगूत सांगितला. नान्नांना आधी कळलंच नाही.

“परत येणार नाही म्हणजे? तू कुठं जाणारेस?”

“कुठंच नाही.”

“मग त्यांना सांग की तसं. घर इथं आहे, आम्ही इथं आहोत. लिहून दे.”

मी लिहून दिलं होतं. पुन्हा अर्ज करायला वेळ उरला नव्हता. परिषदेच्या लोकांना कळवलं, तर त्यांनी खेद व्यक्त केला आणि घरी बसून कॅमेऱ्यावर भाषण करण्याची परवानगी दिली. मला त्यातही बरं वाटलं. नान्नांना नाही. ते दोन दिवस टपरीवर गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना, ताटाकडे बघत म्हणाले, “तू आत्याकडं जा.”

त्यांची धाकटी बहीण अक्कलकोटला राहते.

“कशाला?”

“परिषद संपेपर्यंत राहा. मग ये.”

अम्माला माझ्याआधी समजलं. ती म्हणाली, “लाज नाही वाटत? पोरीला लपवताय?”

“लपवत नाही. चार दिवसांत पोरगी जाऊन आली, असं लोकांना सांगता येईल. सगळे विचारतात मला, कधी निघणार, कधी निघणार. काय सांगू? तिकडच्या लोकांना माझी मुलगी चोर वाटली, म्हणून सांगू?”

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी भांडले असते. त्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. मी जाते म्हणाले.

निघायच्या दिवशी गल्लीतल्या बायका ओवाळायला आल्या. मला हे ठाऊक नव्हतं, नान्नांनाही नसावं. शेजारच्या काकूंनी दारात रांगोळी काढली होती. एकीनं कुंकू लावलं, एकीनं तळहातावर दही-साखर ठेवली. “पोचली की फोन कर गं. लई थंडी असती म्हणं तिकडं, कान बांधून फिर.” एका आजीनं माझ्या मुठीत अंगारा कोंबला. मी सगळ्यांच्या पाया पडले. अम्मा आतून बाहेर आलीच नाही. बायकांना वाटलं, मुलगी दूर चालली म्हणून रडत असेल.

रिक्षात नान्ना माझ्याशेजारी ताठ बसले होते. चौकातून जाताना टपरीवरच्यांनी हात हलवले, त्यांनीही हलवला. पुढे एसटी स्टँडवर त्यांनी बॅग अक्कलकोटच्या गाडीत चढवली आणि खिडकीखाली उभे राहिले. गाडी हलली तरी माझ्याकडे बघितलं नाही.

आत्यानं मला आतल्या खोलीत ठेवलं. “समोरच्या दारात उभी राहू नकोस,” ती म्हणाली. “स्वामींच्या दर्शनाला सोलापूरचं कोणीही येतं.” मी कपडे वाळत घालायलासुद्धा गेले नाही. बॅगेत स्वेटर, चादर, कडक भाकरी. आम्ही त्या भाकरी दुधात कुस्करून खाल्ल्या. आत्याचे यजमान घरात आले की माझ्याशी काय बोलावं हे त्यांना सुचायचं नाही. ते विचारायचे, “झोप लागली का?” आणि बाहेर जायचे. अम्माचा फोन यायचा, पण ती हळू बोलायची. कुणीतरी दारात असायचं आणि तिला माझी खुशाली परदेशातली म्हणून सांगावी लागायची.

भाषण दुपारी होतं. आत्यानं पंखा बंद केला, कारण त्याचा खडखड आवाज यायचा. शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याला जाऊन सांगून आली, थोडा वेळ थांब बाबा. मी इस्त्रीचा कुर्ता घालून मोबाईलसमोर बसले. मागे फळीवर डबे होते. पडद्यावर मला त्या सभागृहाचा एक कोपरा दिसत होता. तिथल्या खुर्च्या, एका माणसाचे बूट, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. सूत्रसंचालक बाईंनी माझी ओळख करून दिली आणि व्हिसा नाकारल्यामुळे मी येऊ शकले नाही, याचं दुःख वाटतं, असं सांगितलं. मग मी बोलले. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसला तर दिसेल म्हणून मी पुसला नाही.

शेवटी एकानं कामाबद्दल प्रश्न विचारला, त्याचं उत्तर दिलं. मग त्या बाईंनी सहज विचारलं, तुम्ही आत्ता कुठून बोलताय?

मी म्हणाले, “अक्कलकोटहून. सोलापूरजवळचं छोटं गाव आहे.”

खोटं बोलायचं त्या क्षणी मनातही आलं नाही. टाळ्या सुरू झाल्या आणि रेंज गेली.

दुसऱ्या दिवशी परिषदेनं ते चित्रण सगळ्यांसाठी खुलं केलं. आमच्या विभागप्रमुखांनी ते कौतुकानं कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं. त्यांना आमच्या घरातलं काही माहीत नव्हतं. एका विद्यार्थ्याचं घर आमच्या मागच्या गल्लीत. संध्याकाळपर्यंत ते वॉर्डभर फिरलं.

मला हे आत्याकडून कळलं, तिला अम्माकडून. नान्ना टपरीवर बसले होते. माझ्या विमानाबद्दल, तिथल्या स्वच्छतेबद्दल सांगत होते. कुणीतरी मोबाईल पुढे केला. मग एकजण म्हणाला, “काय हो, अक्कलकोटला विमानतळ झाला का?” बाकावरचे सगळे हसले. कुणाच्या मनात वाईट नसेलही. अशी थट्टा तिथं रोजच चालते. नान्ना चहा अर्धा ठेवून उठले आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

मी दुसऱ्याच दिवशी निघाले. आता लपण्यात काही उरलं नव्हतं. भर दुपारी चाकाची बॅग ओढत गल्लीत शिरले. फरशीवर त्या चाकांचा इतका आवाज होतो, हे जाताना जाणवलं नव्हतं. दोन दारं माझ्या देखत लोटली गेली. अंगारा देणारी आजी ओट्यावर होती, तिनं विचारलं, “आलीस व्हय?” मी हो म्हणाले. तिनं नजर खाली घातली आणि तांदूळ निवडत राहिली. कुणी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी मला मनापासून ओवाळलं होतं.

चौकातल्या फ्लेक्सवर तोवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स चढला होता.

नान्ना त्यानंतर घराबाहेर पडेनात. दाढी वाढली. नळाला पाणी आलं की बाहेर जाऊन घागर भरायचीसुद्धा त्यांना नको व्हायचं. अम्मा त्यांच्याशी बोलत नव्हती आणि ते माझ्याशी. एकदा मी म्हणाले, “नान्ना, मी काही गुन्हा केला नाही. तुम्हीही केला नाही.” ते म्हणाले, “तू नाही केलास.” आणि उठून मोरीत गेले, तोंड धुवायला. खूप वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

पाऊसकाळ सरल्यावर त्यांनी स्वतःच ओळखीतून चिंचोळी एमआयडीसीत वॉचमनचं काम मिळवलं. घराजवळच एका दुकानात काम मिळत होतं, ते घेतलं नाही. “तिकडं मला कुणी ओळखत नाही,” म्हणाले. रात्रपाळी करून सकाळी सात-आठला सायकलवर येतात, डोळे लाल. टपरीसमोरून येत नाहीत, रेल्वे लाइनच्या बाजूनं लांबचा वळसा घालतात.

एका सकाळी मी कॉलेजला निघाले होते. ते नुकतेच येऊन पायरीवर बूट सोडत होते. मान वर न करता म्हणाले, “तू तिथं नेमकं काय सांगितलंस त्या लोकांना? इंग्रजी मला कळलं नाही.”

म्हणजे त्यांनी ते चित्रण पाहिलं होतं. मी पायरीवर त्यांच्याजवळ बसले आणि तेलुगूत सांगितलं. कॅमेरा कसा बघतो, दोष कसा ओळखतो. मागाचे शब्द त्यांचेच होते, त्यामुळे सांगणं सोपं गेलं. त्यांनी नीट ऐकलं.

“म्हणजे कापड तपासायला माणूस लागणार नाही?”

“लागेल. कमी लागतील.”

“हं.” त्यांनी दुसरा बूट सोडला. “यंत्र बरोबर धरतं का पण?”

“बहुतेक वेळा.”

ते उठले आणि आत जाऊन जेवायला बसले. अम्मानं त्यांना वाढलं. त्या दिवशी ती त्यांना म्हणाली, “आमटी अजून घ्या.” किती महिन्यांनी, ते मला सांगता येणार नाही.

यंदा दुसऱ्या एका देशातून बोलावणं आलंय. नोकरी अजून तासिकेवरच आहे, नावावर घर नाही, खिडकीमागच्या माणसाला द्यायला माझ्याकडे नवीन उत्तर नाही. तरी अर्ज भरलाय. घरी सांगितलं तेव्हा अम्मा विड्या वळत राहिली. नान्ना झोपायला निघाले होते. दारात थांबले, बाहेर कुणी आहे का बघितलं, आणि दार लोटून घेतलं.

“कुणाला सांगितलंस?”

“कुणालाच नाही.”

“बरं,” म्हणाले, आणि जाऊन आडवे झाले.