पांढरी म्हैस

त्या वर्षी पळसदरीकडच्या आमच्या गावात गुरांत रोग आला आणि तीन-चार घरांचे गोठे रिकामे झाले. पाटील म्हणाले, सुईणीनं करणी केली. दुसऱ्या दिवसापासून सगळं गाव तेच म्हणायला लागलं. तिला विहिरीवर येऊ देईनात. माझा जन्म तिच्याच हातचा. तरी वाटेत ती दिसली तेव्हा मीही मान फिरवली. ती नुसती बाजूला सरली. ते मला फार दिवस खुपत राहिलं.

शिमग्यात आम्ही सोंगं काढायचो. त्या साली मी नवं सोंग रचलं. एक पाटील काळ्या म्हशीला पांढरी म्हणतो आणि त्याचं गावही तसंच म्हणतं. तालमीत सगळे पोट धरून हसले. पाटलांच्या कानावर गेलं, तसे एकेक जण गळाले. "आमाला गावात राहायचं हाय रं," एक म्हणाला. उरलो मी आणि म्हातारा ढोलकीवाला.

"दोघांत काय होणार?" मी विचारलं.

"तू पाटील हो. गाव समोर बसलंच हाय."

शिमग्याला भर दुपारी खळ्यावर, डोक्याला पाटलाचं पागोटं बांधून, मी आमचीच काळी म्हैस ओढून आणली. "सांगा, हिचा रंग कोणता?"

"पांढरी!" ढोलकीवाला ओरडला. मग पोरं ओरडली, मग बायका, मग बापे. तीनदा विचारलं, तीनदा सगळे गरजले. तेव्हा मी पागोटं उतरवलं.

"आता मी पाटील नाय. सुईणीला करणी करताना कुणी बघितलं?"

हसणं थांबलं. खरे पाटील उठले. "खेळ बंद कर!"

"खेळ संपला. मी नाय बघितलं, तरी मान फिरवली. तुमी कुणी बघितलं?"

माझी चुलती उभी राहिली. तिचे दोन बैल गेले होते. "मी नाय बघितलं. समदी बोलली म्हणून मी बोलले." ती घरी गेली, घागर घेऊन आली, विहिरीवर भरली आणि सुईणीच्या दारात नेऊन ठेवली. आणखी दोघी तिच्या मागे गेल्या. बाकीचं गाव बसूनच राहिलं.

सुईणीला विहीर मोकळी व्हायला पावसाळा उजाडला. मला सोंगांतून काढलं ते कायमचं. पुढच्या शिमग्यात त्याच सोंगासाठी साजगावहून बोलावणं आलं. ढोलकीवाल्याचे गुडघे धरले होते. मी गाडी जुंपली, पेंढ्यावर घोंगडी टाकली आणि त्याला उचलून बसवलं.