चार नंबरची कोमट राख

समजा, सकाळचे अकरा वाजलेत आणि तुम्ही नदीकाठच्या जंगलात, दगडांच्या एका गोल चुलीसमोर उकिडवे बसला आहात. तंबूवाले निघून गेलेत. जाताना त्यांनी शेकोटीवर बादलीभर पाणी ओतलंय, धूर नाही, राख काळी पडलीय. आता बाही कोपरापर्यंत सारा आणि उघडा तळहात मनगटापर्यंत त्या राखेत घाला. काठी नाही, फावडं नाही, हातच. वरून थंडगार दिसणाऱ्या राखेखाली चार बोटांवर निखारा जिवंत असू शकतो आणि दुपारी वारा सुटला की तो काय करेल याचा नेम नाही. हात भाजला तर आणखी एक बादली. नाही भाजला तर पुढची चूल.

या तळावर अशा नऊ चुली आहेत. नऊ जागा, नऊ लाकडी टेबलं, एक हातपंप, दोन संडास, आणि फाटकालगतच्या फळ्यांच्या खोलीत राहणारा एक रखवालदार. सहा वर्षांत त्याचा उजवा तळहात इतका निबर झाला होता, की राखेसाठी तो आता डावा वापरायचा. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि खिळ्यांना दोन कप. एक रोजचा. दुसरा आठवड्यातून एकदा विसळून पुन्हा टांगायचा. तो कुणासाठी, हे कुणी विचारलं नव्हतं, कारण विचारायला खोलीत कुणी येतच नव्हतं.

आधी तो शहरात पंपाच्या कारखान्यात फिटर होता. बायको आणि लहान मुलगी यांना घेऊन दर वर्षी दोन दिवस याच तळावर यायचा, याच चार नंबरवर. निघताना बायको टेबलाच्या फळीखालच्या खाचेत औषधाची एक छोटी रिकामी बाटली ठेवून जायची. आत काड्यापेटीची काडी घासायची एक पट्टी आणि दोन काड्या, मागून येणाऱ्या भिजलेल्या माणसासाठी.

"तिसरी का नाही?" मुलगी विचारायची.

"तिसरी असली की माणूस दुसरीही गाफीलपणे पेटवतो," बायको म्हणायची.

बायको आजारपणात गेली. घरातली प्रत्येक वस्तू अंगावर यायला लागली, तेव्हा त्याने एका हंगामापुरती म्हणून ही नोकरी धरली. मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. मावशीकडे जायची बॅग भरताना ती म्हणाली, "आई गेली, त्याला इलाज नव्हता बाबा. तुम्ही मात्र स्वतःच्या पायांनी चाललात."

एका हंगामाचे सहा झाले. फोनला रेंज फक्त पुलावर, अर्ध्या तासाच्या चालीवर. तो रविवारी तिथे जाऊन मेसेज पाठवायचा. नदीचं पाणी, पंपाचं वायसर, कुठलं झाड पडलं. उत्तर यायचं, "बरी आहे." त्यापुढे ताकास तूर लागू द्यायची नाही. ती एकदा तरी इथे येईल का, एवढ्या एकाच गोष्टीवर त्याचा जीव टांगलेला होता.

एका शुक्रवारी तो शहरातल्या कचेरीतून सामान घेऊन परतला. त्याच्या सुट्टीच्या दिवशी तळ सांभाळायची ती पुलाजवळची दुकानदारीण. संध्याकाळी ती घरी जायची, सकाळी पुन्हा यायची.

"या भावोजी," ती खुर्चीतून न उठता म्हणाली. "तुमचं राज्य जागेवर आहे. पंप तेवढा कुरकुरतोय, मालकासारखाच."

"कोण आलं होतं?"

"एक बाई, चार नंबरला. तंबू असा लावला की तुम्ही बघून लाजला असता."

वहीत दुकानदारणीच्या अक्षरात एवढंच होतं : बाई १, तंबू १, रात्र १. तिला नाव लिहायचा कंटाळा.

तो फेरीला निघाला. चार नंबरच्या चुलीत डावा हात घातला. राख नीट भिजवून, ढवळून, पुन्हा भिजवलेली होती. निखारा नव्हता, पण तळाच्या दगडांनी ऊब धरून ठेवली होती. समाधानाने उठताना आधाराला म्हणून त्याने टेबलाची फळी खालून धरली आणि बोटांना काच लागली.

बाटली. आत एक पट्टी. दोन काड्या.

बायको गेल्यावर त्याने स्वतःही ती कधी ठेवली नव्हती, हात धजला नव्हता. ही गोष्ट ठाऊक असलेलं माणूस जगात आता एकच उरलं होतं. तो पुन्हा खाली बसला आणि त्याने हात राखेत ठेवला, ऊब पार जाईपर्यंत.

मग जवळजवळ धावतच फाटकाशी आला. "वहिनी, ती माझ्याबद्दल काही बोलली?"

"काही नाही. इथे कोण असतं म्हणाली, मी म्हटलं, आज मी असते. मग ती तंबू लावायला वळली. सकाळी मात्र नदीवर बराच वेळ बसून होती. नऊच्या बसने गेली. का हो, ओळखीची होती?"

नऊची बस. घाटातल्या अरुंद वळणावर त्याची बस तिला वाट देण्यासाठी मागे सरकली होती आणि उशीर होतोय म्हणून तो ड्रायव्हरवर करवादला होता. दोन खिडक्या हातभर अंतरावरून गेल्या होत्या.

"होती," तो म्हणाला.

दुकानदारीण गेल्यावर तो फाटकावरच्या पाटीसमोर उभा राहिला. पाच वर्षं त्याची सुट्टी सोमवारी असायची, या हंगामात कचेरीने ती गुरुवारी केली. पाटीवर अजून 'सोमवार'च होता. रंगाचा डबा आणून तीन महिने झाले होते, आज करू, उद्या करू. मुलगी अजून त्या जुन्या सोमवारावरच विसंबून आली असेल, तर ती त्याच्यासाठीच आली होती. पण वार बदलल्याचं त्याने हंगामाच्या सुरुवातीला तिला कळवलं होतं का? वायसरबद्दल लिहिलं होतं, हे पक्कं आठवत होतं. सुट्टीबद्दल आठवेना, आणि जुना फोन वीसच मेसेज ठेवायचा. लिहिलं असेल, तर तो नसेल असा वार तिने निवडून काढला होता.

शुक्रवार असूनही तो पुलावर गेला. "पोचलीस का?" एवढंच पाठवलं.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "हो."

तुम्हाला कसं कळलं, कुणी सांगितलं, असं तिने काहीच विचारलं नव्हतं. खाली पाणी खांबाला वळसा घालून जात होतं. त्याने कठड्याला टेकून पुढची ओळ टाइप केली, पुसली, पुन्हा केली. अंगठा बटणावर ठेवून तो ती वाचत राहिला : गुरुवारी मी नसतो, हे तुला माहीत होतं का?