खाली दुकान, वर घर

"खाली दुकान, वर घर. विकणे आहे." ही पाटी वाचून मी रोज चिडत पुढे जायचे. काल शेवटी एजंटला घेऊन आत शिरलेच.

शिंप्याचं दुकान. म्हातारे मालक रिकाम्या मशीनशी बसले होते.

"वर राहा, खाली काम करा मॅडम. जाण्यायेण्याची कटकटच नाही," एजंट म्हणाला.

मला तीच तर कटकट हवी होती. माझा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर असतो. फोडणी घालताना मी ऑफिसात असते आणि मीटिंगमध्ये कुकरच्या शिट्ट्या मोजत असते. कामाला निघणं नाही, कामावरून परतणं नाही. दिवसभर नुसती तगमग. माणसाला मध्ये निदान एक जिना तरी हवा.

दुकानाच्या लाकडी छताला एका जागी खळगा पडला होता. मी वर बघतेय म्हटल्यावर शिंपी हसले. "चहा हवा असला की गजाने तिथे ठोकायचो. बायको वरून बत्ता आपटायची. म्हणजे आधण ठेवलं."

"आणि आता?"

"आता आम्ही दोघंही मुलाकडे राहायला जाणार, सातव्या मजल्यावर. तिथे खाली दुसऱ्याचं घर. ठोकून कसं चालेल? वरचं सगळं सामान बांधून झालंय."

कापड मोजायचा गज कोपऱ्यातच उभा होता. काय वाटलं कोण जाणे, मी तो उचलला आणि खळग्यात ठोकलं. एजंट दचकला.

क्षणभराने वरून बत्त्याचा आवाज आला.