जाळीआडचे रायर

लोकरीला विटाळ लागत नाही, या एका वाक्यावर वलै रायरांनी आमच्या गल्लीतल्या सगळ्या पोरांचा खेळ ठरवून टाकला होता. वलै म्हणजे तमिळमध्ये जाळी. आणि कुंभकोणमात मराठी माणसाला रायर म्हणतातच. बॉल बॅडमिंटनचा पिवळा चेंडू लोकरीचा. तो भिंतीवरून उडून कुणाच्याही दारात पडला, तरी रायर तो निःशंक हातात घेत. फुटबॉल आणि क्रिकेटचे चेंडू चामड्याचे. ते त्यांनी कधी पायानेही ढकलले नाहीत. "आमच्या पूर्वजांस अक्कल होती रे," ते म्हणत. "तंजावरच्या राजवाड्यांत खेळ काढिला, तोही सोवळ्याचा!"

रोज पहाटे, वारा उठायच्या आत, ते स्वतः मैदानावर जाळी बांधत. दुसऱ्या कुणी बांधलेली असली तर सोडून पुन्हा बांधत. मग बाकावर बसून शिकवत, आणि उत्तम शिकवत. मनगट कसं फिरवायचं ते मी त्यांच्याकडूनच शिकलो. मला विषमज्वर झाला तेव्हा ते रोज दाराशी येऊन आईला विचारत, "पोरगा कंजी प्याला काय?" हे लिहिलं नाही तर लबाडी होईल. पण घरच्या पोरावर माया कोण करत नाही? पलीकडच्या गल्लीतला पोरगा तापाने फणफणला असता, तर रायरांना त्याचं नावसुद्धा ठाऊक नसतं.

पलीकडच्या गल्लीत पितळेची भांडी घडवणारे राहत. त्यांची मुलं कावेरीच्या वाळूत सडुगुडु खेळत. महाराष्ट्रात ज्याला हुतूतू म्हणतात तोच हा खेळ. दम धरून, तोंडाने सडुगुडु म्हणत समोरच्यांत घुसायचं, शिवायचं आणि दम तुटायच्या आत परतायचं. रायरांचा राग नेमका त्या शिवण्यावर होता. "आमच्या खेळांत मध्यें जाळी आहे. इकडचा इकडे, तिकडचा तिकडे. यास सभ्यता म्हणतात." जाळीला सभ्यता म्हणणारा माणूस भिंतीला धर्म म्हणणारच. आणि आम्ही मूर्ख पोरं समजत होतो की बॅट आम्हाला आवडते म्हणून आम्ही ती धरली! आम्हाला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

कुणी विचारलं नसताना निवड केली ती एकट्या माधूने, रायरांच्या थोरल्या मुलाने. बॅट हातात असली की तो झोपेत असल्यासारखा खेळे. पण नदीच्या वाळूत त्याला पाहावं! छाती भात्यासारखी भरे आणि चार जण अंगावर पडले तरी तोंडातलं सडुगुडु थांबत नसे. भांडीवाल्यांचा मुरुगेसन हा त्या संघाचा कप्तान. तो म्हणे, "रायर वीट्टुप् पिळ्ळै, पण फुप्फुस आमच्या भट्टीतलं!" रायरांच्या घरचा पोर असूनही माधू त्यांना आपला वाटे. दोन वर्षं तो हे घरच्यांपासून लपवून खेळला.

जवळच्या तिरुविडैमरुदूरला सामना होता आणि त्यातूनच जिल्ह्याचा संघ निवडायचा होता. माधूला त्या संघात जायचं होतं. दुसरं काही त्याने आयुष्यात मागितल्याचं मला आठवत नाही. सामना पाहायला मीही गेलो होतो. कुणीतरी रायरांच्या कानी घातलं. सामना अगदी रंगात आला असताना ते बसमधून उतरले आणि तडक मैदानाच्या कडेला आले.

त्या वेळी माधू समोरच्यांच्या घोळक्यात होता. दोघांनी त्याची कंबर धरली होती, तरी तो त्यांना ओढत मधल्या रेषेकडे सरकत होता. हात रेषेला पोहोचायला वीतभर अंतर उरलं होतं.

"माधवा!" रायरांनी हाक मारली.

आमच्या घरांत एक रीत आहे. वडिलांची हाक आली की तोंडातला घास तसाच ठेवून उत्तर द्यायचं. दुसऱ्या हाकेची वाट पाहणारा मुलगा कुळाला बट्टा. ती रीत आम्हाला पाळण्यात पाजलेली.

"आलों, अप्पा," माधू म्हणाला.

दम तुटला. पंचाने हात वर केला. समोरचे गडी क्षणभर त्याला सोडायचंच विसरले. त्यांना कळेना की हा बोलला कुणाशी.

सामना गेला, निवडही हुकली. मुरुगेसन माधूच्या पाठीवरची वाळू झाडत म्हणाला, "तुझ्या अप्पांना सांग, पुढच्या वेळी नुसती टाळी वाजवा. टाळीला उत्तर द्यावं लागत नाही." माधू हसला नाही. परतीच्या बसमध्ये रायर त्याच्यापासून हातभर दूर बसले आणि विहिरीवर अंघोळ केल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडू दिला नाही. मला मात्र अभिमानाने म्हणाले, "पाहिलेंस? हाक मारिली, उत्तर आलें. संस्कार तो हाच." खेळाचा नियम त्यांना ठाऊक होता की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. ठाऊक नसेल तर तो अडाणीपणा. ठाऊक असेल तर त्याला काय म्हणावं, तो शब्द मी वडीलधाऱ्या माणसासाठी अजून वापरलेला नाही.

माधू पुन्हा बॅट धरून उभा राहू लागला. बाहेरगावचे लोक सामने पाहायला येत आणि कौतुकाने म्हणत, "तंजावरच्या मराठ्यांच्या रक्तातच आहे हा खेळ." रायर मान डोलवत. ते एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकलं; तिसऱ्यांदा ऐकायला मी थांबलो नाही. एका सकाळी बॅट नेऊन त्यांच्या बाकावर ठेवली.

"का रे? मनगट दुखतें काय?" त्यांनी खऱ्याच काळजीने विचारलं.

"नाही, काका. मी नदीवर जातो आहे."

"तिकडे तुझें काय आहे?"

"माधूची जागा रिकामी आहे."

मी वळलो तेव्हा मैदानाच्या कोपऱ्यातून माधूचा आवाज आला. वडिलांसमोर तो इतक्या मोठ्याने कधी बोलला नव्हता.

"उजवीकडचा गडी आधी घोटा धरतो," तो म्हणाला. "पाय उचलून ठेव."