माळाचं गणित मांडणाऱ्या वाघमारे बाई

कृषी हवामानशास्त्राच्या अभ्यासक डॉ. सुमित्रा वाघमारे यांना यंदा पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या संशोधनावर या गौरवग्रंथात त्यांचे विद्यार्थी लिहितीलच. मी त्यांचा विद्यार्थी नव्हे. भूम तालुक्यातल्या आमच्या गावच्या वृक्ष उत्पादक सहकारी सोसायटीचा मी त्या काळचा सचिव. मला बाई माहीत आहेत त्या माळावरच्या.

बहात्तरच्या दुष्काळाला दहाएक वर्षे झाली असतील. बाईंना आणायला मी आणि माझे वडील भूमच्या स्टँडवर गेलो होतो. बाई एसटीतून उतरल्या त्या पत्र्याचं एक भलं मोठं गोल पातेलं सांभाळत.

"ह्याच्यात काय शिजवायचं, बाई?" वडिलांनी विचारलं.

"शिजवायचं काही नाही, मामा. पाणी भरून उन्हात ठेवायचं आणि किती उडून जातंय ते रोज मोजायचं."

"पाणी उडतंय ते बघाया सरकार पगार देतंय व्हय?"

"देतंय की! पण लई उशिरा," बाई म्हणाल्या आणि दोघंही हसले. तेव्हापासून वडील त्यांचे मामाच झाले.

सोसायटीला गावावरच्या माळाचं गायरान मिळालं होतं आणि त्यावर दाट निलगिरी लावायचं जवळपास ठरलं होतं. माळाच्या पायथ्याला गावाची पिण्याच्या पाण्याची एकुलती एक विहीर. बाईंनी आधी माळ मोजायला वेळ मागून घेतला. खांबावर वेगवेगळ्या उंचीला तापमापक बांधले, खड्डे घेऊन जमिनीतली ओल तपासली. अशा मोजमापांवरून मांडलेल्या हिशेबाला त्यांच्या शास्त्रात प्रतिमान म्हणतात. गावात त्या 'माळाचं गणित' म्हणत. माळावर पडणारं ऊन काही जमीन तापवतं, काही हवा, आणि बाकीचं पानांतल्या पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडतं. हा मेळ बसला की झाडं किती पाणी पितील, याचा अंदाज ती लावण्याआधीच करता येतो.

सभेत बाईंनी स्पष्ट सांगितलं, "दाट निलगिरी लावलीत तर मुरणारं पाणी झाडंच पितील. विहिरीला काही उरणार नाही. कडुलिंब आणि बोर लावा, तेही विरळ."

चेअरमन बाजीराव अण्णांना ते रुचलं नाही, पण पाणी भरणाऱ्या बायका बाईंच्या बाजूनं उभ्या राहिल्या आणि ठराव झाला. मात्र बाईंनी आणखी एक सांगितलं होतं: झाडांखाली गवताला ओल पुरणार नाही, तेव्हा काही वर्षं चराई बंद ठेवा. आम्ही धनगर. तीन वर्षं वडिलांनी मेंढरं कशीबशी दुसरीकडे चारली. चौथ्या वर्षी पाऊस सरल्यावर त्यांनी मेंढरं भूमच्या बाजारात न्यायचं ठरवलं आणि ते बाईंच्या कानावर गेलं.

बाजाराच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, बाई फाट्यापासून चालत गावात आल्या. पारावर सोसायटीची सभा चालू होती. त्यांनी पाणीही घेतलं नाही.

"चराईबद्दल मी सांगितलं ते चुकलं. विरळ सावलीत जमीन माझ्या अंदाजापेक्षा कमी तापते, ओल टिकते. उघड्या माळापेक्षा झाडांखालीच गवत चांगलं आलंय. मामा, मेंढरं विकू नका. आळीपाळीनं चारा."

अण्णा लगेच उठले. "मग झाडांचंबी गणित चुकलंच असंल की, बाई! लावू का निलगिरी?"

 एका चुकीची कबुली देऊन बाईंनी सगळंच घालवलं, असं मला वाटलं.

"असू शकतं, अण्णा," बाई शांतपणे म्हणाल्या. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. विहिरीची पातळी तुम्ही स्वतः मोजा. उन्हाळा सरू द्या, मग ठरवा."

अण्णा इरेला पेटून दोरी घेऊन मोजू लागले. त्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी खाली गेलं, पण मृगापर्यंत टिकलं. पलीकडच्या गावात माळावर दाट निलगिरी होती. तिथली विहीर चैत्रातच आटली. अण्णांनी सभेत सांगितलं, "निलगिरीचा इषय संपला." बाईंना कळवलं, तर त्या म्हणाल्या, "दोन विहिरींवरून माझं खरं ठरत नाही. मोजत राहा." अण्णा चेअरमन होते तोवर मोजत राहिले.

पुढे वडील उस्मानाबादच्या दवाखान्यात होते, तेव्हा तिथंच नोकरीला असलेल्या बाई रोज सकाळी भाकरी आणि दूध घेऊन यायच्या. एकदा वडील म्हणाले, "बाई, तुमच्यामुळं आमची मेंढरं ऱ्हायली."

"माझ्याच बोलण्यानं जाणार होती, मामा."

"जाणार व्हती. पर तुमी भर उन्हात चालत सांगाया आला."

 बाईंनी वडिलांचं पांघरूण नीट केलं.

पुढे बाईंचे निबंध परदेशात वाचले गेले, त्यांचे विद्यार्थी मोठ्या पदांवर पोहोचले. आम्हा गावकऱ्यांना त्याचा अभिमान आहेच. पण जाणत्या माणसानं चार लोकांत 'माझं चुकलं' म्हणावं आणि त्यानं त्याचा मान वाढावा, हे आम्ही त्यांच्याकडूनच पाहिलं.

बाई, गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय म्हणून कळलं. गुडघा लवकर बरा होवो, प्रकृती ठणठणीत राहो आणि तुमचं शतक आम्हाला पाहायला मिळो. माळावर आता थेट वरपर्यंत जीप जाते. पण तुम्ही पायीच चढणार, हे आम्हाला ठाऊक आहे. सावकाश चढा. आम्हीही म्हातारे झालोय. तुमच्या मागं मागं येतो.